दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमधली दरी : घाटात चालणाऱ्या पिकअपचे परीक्षण

दीड ते पावणेदोन टन भार वाहणारी डिझेल पिकअप घेताना कोकणातला ग्राहक सहसा तीन गोष्टी विचारतो : लोड किती घेते, ॲव्हरेज किती देते आणि हप्ता किती बसतो. हॉर्सपॉवर किती हे विक्रेता न विचारता सांगतो. गिअरच्या गुणोत्तरांचा तक्ता मात्र पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत पडून राहतो आणि तो कोणी उघडूनही पाहत नाही. आंब्याच्या पेट्या किंवा मासळीचे क्रेट भरून रत्नागिरीहून कोल्हापूर गाठायचे असेल, तर गाडी आपल्या कामाची आहे की नाही हे त्या तक्त्यातच लिहिलेले असते. माझी पिकअप हंगामात हापूस आणि एरवी मासळी घेऊन याच वाटेने चालते. तिच्या इंजिनाबद्दल, पाट्यांबद्दल आणि हौद्याच्या मजबुतीबद्दल माझे मत चांगलेच आहे. परीक्षण करायचे आहे ते तिच्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सचे. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने या वर्गातल्या अनेक गाड्यांना लागू पडते.

पुस्तिकेतले आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल करून घेतो. पहिला गिअर ४, दुसरा २.३, तिसरा १.४, चौथा १ आणि पाचवा ०.८, मागच्या हाऊसिंगमधल्या (मागच्या आसावरच्या पेटीतल्या) क्राऊन-पिनियनचे, म्हणजे चाकांकडे फेरा वळवणाऱ्या दातेरी जोडीचे गुणोत्तर ४.३. याचा अर्थ असा, की पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे ४ फेरे झाले की प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागे जाणाऱ्या लांब दांड्याचा) १ फेरा होतो आणि शाफ्टचे ४.३ फेरे झाले की मागच्या चाकाचा १. फेरे जितक्या पटीने कमी होतात तितक्याच पटीने, घर्षणात जाणारा भाग वगळता, ओढ वाढते. माझ्या गाडीच्या टायरचा एक फेरा साधारण २.१५ मीटरचा आहे. त्यावरून इंजिन मिनिटाला २००० फेऱ्यांवर असताना पहिल्यात ताशी १५, दुसऱ्यात २६, तिसऱ्यात ४३, चौथ्यात ६० आणि पाचव्यात ७५ किलोमीटर वेग निघतो. हे आकडे एका ओळीत मांडून पाहिले की गाडीचा स्वभाव कळतो. २६ वरून ४३ वर मारलेली उडी लक्षात ठेवावी, कारण घाटातला बराचसा वेळ आपण नेमके या दोन आकड्यांच्या मध्ये असतो.

हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे असे करत साखरप्यापर्यंत रस्ता चढ-उताराचा असला तरी गाडीला त्रास होत नाही. तिसरा आणि चौथा मिळून सगळे निभावून नेतात. साखरपा सोडून आंबा घाट लागला की चित्र बदलते. पुढे एखादा मालाने भरलेला ट्रक असतो, वळणे येत राहतात, आणि वळणाच्या आतल्या बाजूला चढ बाहेरच्या बाजूपेक्षा नेहमी अधिक तीव्र असतो. भरलेली पिकअप अशा ठिकाणी ताशी २० ते ३० किलोमीटरच्या दरम्यान राहते. ताशी ३० च्या वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन २३०० फेऱ्यांवर असते आणि तिसऱ्यात १४०० वर. या इंजिनाचा सुमारे २०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण १४०० ते २२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात मिळतो. त्याखाली टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) भरत नाही आणि गाडी दम टाकते. म्हणजे ताशी ३० ला दुसरा गिअर पट्ट्याच्या वरच्या टोकाबाहेर गेलेला असतो आणि तिसरा खालच्या टोकावर लोंबकळत असतो. वळणावर वेग २० वर आला तर तिसऱ्यात इंजिन ९५० च्याही खाली येते, आणि तिथे खालचा गिअर टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

ओढीचाही हिशेब मांडून पाहू. गाडी आणि माल मिळून वजन ३ टन धरले (पूर्ण भारात ते याहून जास्त भरते) आणि दर १० मीटरला १ मीटर चढ असलेला तुकडा घेतला, तर चढासाठी ३०० किलो आणि टायरच्या लोळण्यातल्या विरोधासाठी आणखी ३५ किलोच्या आसपास अशी ३३५ किलोंची ओढ चाकाशी लागते. पूर्ण २०० न्यूटन-मीटर मिळाले आणि त्यातला दहावा भाग घर्षणात गेला असे धरले, तर तिसरा गिअर सुमारे ३२३ किलो देतो आणि दुसरा सुमारे ५३०. तिसऱ्यात फक्त १२ किलो कमी पडतात, पण तेवढ्याने गाडी हळूहळू मरत जाते. दुसऱ्यात जवळपास २०० किलो जास्तीचे असतात आणि त्यांचा वेगासाठी फारसा उपयोग होत नाही, कारण दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडू लागलेले असते. चालक दुसऱ्यातच राहतो, डिझेल जास्त जळते, केबिनमध्ये बोलणे ऐकू येत नाही आणि मागून येणारी एसटी हॉर्न वाजवत राहते.

दुसऱ्यात इंजिन २४०० पर्यंत ताणून मग तिसरा टाकावा, असा सल्ला पुष्कळ जण देतात. सपाटीवर तो बरोबर आहे. एकास दहाच्या चढावर मात्र क्लच दाबलेला असताना गाडीचा वेग प्रत्येक सेकंदाला ताशी ४ किलोमीटरने पडतो. २४०० फेऱ्यांवर दुसऱ्यात ताशी ३१ चा वेग असेल, तर एका सेकंदात गिअर बदलूनही तिसरा बसतो तेव्हा वेग २७ वर आलेला असतो आणि इंजिन १३०० च्याही खाली. टर्बोचा पट्टा निसटलेला असतो. हाताची चपळाई वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण तो दात्यांच्या संख्येतच बसवलेला आहे. २.३ आणि १.४ यांच्यातले अंतर १.६४ पट आहे. तिसरा गिअर १.५५ चा असता तर तेच अंतर १.४८ पट झाले असते आणि त्याच चढावर ३३५ किलोंच्या गरजेपुढे ३५७ किलो मिळाले असते. तिसरा-चौथा यांच्यातले अंतर त्याने थोडे वाढले असते हे खरे, पण चौथा गिअर लागतो तो साखरप्याच्या अलीकडे किंवा मलकापूरच्या पलीकडे, जिथे चुकलेला वेग परत मिळवायला रस्ता मोकळा असतो.

या बाबतीत मोठ्या पिकअपांकडे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतल्या डॉज रॅम २५०० आणि ३५०० या भारी पिकअपांत २००५ च्या सुमारास मर्सिडीज-बेंझचा जी-५६ हा सहा गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स आला. त्याच्या सुरुवातीच्या रूपात पहिला गिअर ६.२९, दुसरा ३.४८, तिसरा २.१०, चौथा १.३८, पाचवा १ आणि सहावा ०.७९ असा होता. पहिला गिअर इतका खोल, की रिकामी गाडी हाकणारे सरळ दुसऱ्यातच सुटतात. पहिला ठेवलेला आहे तो मागे अवजड ट्रेलर जोडून चढावर सुटण्यासाठी. इंजिनाची ताकद आपल्या गाड्यांच्या कित्येक पट असल्यामुळे त्यांच्याशी थेट तुलना करण्यात अर्थ नाही. पण मधल्या पायऱ्या पाहा : २.१० वरून १.३८ म्हणजे १.५२ पट. ताकद भरपूर असूनही त्यांनी मधली पायरी आपल्यापेक्षा लहान ठेवली होती, आणि आपल्याकडे ७५-१०० हॉर्सपॉवरच्या गाडीला ती मोठी मिळते. फोर्डने सुपर ड्युटी मालिकेतला मॅन्युअल गिअरबॉक्स २०१० च्या मॉडेलनंतर बंद केला आणि रॅमने २०१८ च्या मॉडेलनंतर, त्यामुळे तिकडे हा विषय आता जुन्या गाड्यांपुरता उरला आहे. आपल्याकडे तो रोजचा आहे. टाटाने २०२२ मध्ये योद्धा २.० ही २ टन भाराची पिकअप आणली. भार असा वाढत जाईल तसतसा गिअरच्या पायऱ्यांचा प्रश्न अधिक टोचू लागणार हे उघड आहे.

गिअरबॉक्समधले दाते बदलता येत नाहीत, पण मागचे क्राऊन-पिनियन बदलून सगळे गिअर एकदम थोडे खाली आणता येतात. ४३ आणि १० दात्यांची जोडी असेल तर गुणोत्तर ४.३, ४१ आणि ९ ची बसवली तर ४.५६. ओढ सहा टक्क्यांनी वाढते आणि वरच्या हिशेबातला तिसरा गिअर ३२३ ऐवजी ३४२ किलो देतो, म्हणजे त्या चढावर कसाबसा का होईना पण तग धरतो. मोबदल्यात पाचव्यात ताशी ७५ ला इंजिन २००० ऐवजी १२० फेरे जास्त फिरते, आणि मुंबई-गोवा महामार्गाच्या काँक्रीट झालेल्या भागावर ते कानाला जाणवते. वाशीच्या बाजारात आंबा नेणाऱ्याने म्हणून ४.३ वरच राहावे, कारण कशेडीसारखा घाट सोडला तर त्याचा बहुतेक प्रवास लांब पल्ल्याचा आणि मोकळ्या रस्त्याचा असतो. आंबा, कुंभार्ली, फोंडा, करूळ किंवा आंबोली यांपैकी एखादा घाट ज्याला नेहमीचा झाला आहे, त्याने नवी गाडी घेतानाच त्या मॉडेलमध्ये मागच्या गुणोत्तराचा पर्याय मिळतो का हे विचारावे. नंतर बाहेर बदलून घेतले तर वॉरंटीचा प्रश्न येतो आणि काही गाड्यांत स्पीडोमीटरही चुकीचा वेग दाखवू लागतो. उलट दिशेचा उद्योग मात्र आपल्याकडे सर्रास चालतो : दिसायला बरे म्हणून मोठ्या व्यासाचे टायर घातले जातात. टायर ५ टक्के मोठा झाला की सगळ्या गिअरची ओढ त्याच मानाने घटते. म्हणजे कंपनीने दिलेला अपुरा तिसरा गिअर मालक स्वतःच्या पैशाने आणखी अपुरा करून घेतो.

पहिल्या गिअरबद्दल आणि रिव्हर्सबद्दल मला चांगलेच म्हणायचे आहे. बागेतून पेट्या भरून वर सडकेला येणाऱ्या वाटा अरुंद असतात, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे असतात, आणि पावसाळ्याआधी जांभ्याची बारीक खडी टायरखाली गोट्यांसारखी सरकते. तिथे ४ चा पहिला गिअर आणि ४.३ चे क्राऊन मिळून १७ पटींची ओढ देतात, ती पुरून उरते. ॲक्सिलरेटर जवळजवळ न दाबता गाडी निघते आणि क्लच जळाल्याचा वास येत नाही. रिव्हर्सही तितकाच खोल असल्यामुळे समोरून गाडी आली तर भरल्या हौद्यानिशी घाटी उलटी चढता येते. पुढेमागे कमी वेगाने सरकत राहण्याचे काम पाहून ही पिकअप डोळे मिटून घ्यावी, असे मी म्हणेन. आरे-वारेच्या चढांवरही मला हाफ क्लचवर गाडी तोलून धरावी लागलेली नाही. हँडब्रेक ओढावा, क्लच पकडू लागला की सोडावा, एवढे पुरते.

पाचव्याचा उपयोग मर्यादित आहे. ०.८ चा हा गिअर सपाट रस्त्यासाठी आणि रिकाम्या किंवा अर्ध्या भारासाठी दिलेला आहे. ताशी ५० ला तो टाकला की इंजिन १३३० फेऱ्यांवर येते आणि भरलेली गाडी घरघरू लागते. डिझेल वाचवण्यासाठी असे चालवणारे चालक क्लचप्लेटवर, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर अनावश्यक झटके बसवत असतात. चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिनाकडून आलेला फेरा काऊंटरशाफ्टच्या (गिअरबॉक्समधल्या बाजूच्या दांड्याच्या) दात्यांतून न जाता सरळ मागे जातो. म्हणून भरल्या गाडीला ताशी ६५ च्या आत चौथाच सोयीचा, आणि डिझेलच्या हिशेबातही त्यात म्हणण्यासारखा तोटा होत नाही.

घाट उतरतानाचे वर्तन हा परीक्षणाचा वेगळा भाग व्हायला हवा, कारण कोल्हापूरहून परत येताना गाडी रिकामी नसते. गूळ, भाजीपाला, पशुखाद्य असे काहीतरी हौद्यात असतेच. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे हा जुना नियम या गाडीत काटेकोर पाळावा लागतो. तिसऱ्यात इंजिन पुरेसे रोखून धरत नाही, वेग ४० च्या पुढे जाऊ पाहतो आणि सतत ब्रेक दाबून धरल्यामुळे ड्रम तापतात. दुसऱ्यात ३००० फेऱ्यांवर ताशी ३९ चा वेग राहतो आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. चढताना त्रास देणारी तीच दरी इथे पुन्हा आडवी येते : दुसरा जरा जास्त आवरतो, तिसरा जरा जास्त सोडतो. न्यूट्रल करून उतरणाऱ्यांबद्दल लिहिण्यात शाई घालवत नाही.

आता लिव्हर. गिअर नेमके बसतात, खटका स्पष्ट लागतो, आणि लिव्हर थेट गिअरबॉक्सवर असल्यामुळे हाताला थरथर जाणवली तरी केबलची ढिलाई नाही. तिसऱ्यावरून दुसरा टाकताना मात्र काही काळाने कुरकुर सुरू होते आणि हा दोष मी त्याच पायरीच्या खात्यावर टाकतो. ताशी २५ ला तिसऱ्यात क्लचप्लेट ११६५ च्या आसपास फिरत असते आणि काऊंटरशाफ्ट तिच्या प्रमाणात. दुसरा बसण्यासाठी सिंक्रो रिंगला (गिअर बसण्याआधी फेरे जुळवून घेणाऱ्या पितळी कडीला) क्लचप्लेट १९१५ पर्यंत न्यावी लागते. तिसरा १.५५ चा असता तर हा फरक ७५० ऐवजी ६२५ फेऱ्यांचा राहिला असता. फरक असा थोडा दिसतो, पण रिंगवर पडणारे काम फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ते जवळपास दीडपट भरते. घाटात हे दिवसभर चालते, आणि दुसऱ्याची रिंग सगळ्यांत आधी जाते. क्लच दोनदा दाबून, मध्ये न्यूट्रलला थोडी रेस देऊन दुसरा टाकण्याची जुन्या ट्रकचालकांची सवय इथे आजही कामाला येते.

तेलाबाबत मात्र दक्ष राहावे. मागच्या हाऊसिंगसाठी असलेले जीएल-५ दर्जाचे तेल गिअरबॉक्समध्येही चालते असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातली दाबविरोधी गंधकयुक्त रसायने पितळी रिंगांना बाधू शकतात, म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-४ च घालावे. तेल बदलताना शेजारी उभे राहावे. आमच्या भागातला मेस्त्री नट खोलून त्याच्या टोकावरचे चुंबक आधी फडक्याला पुसतो, मग काढलेले तेल पत्र्याच्या ताटलीत घेऊन उन्हात तिरके धरतो. चुंबकावर काळा मऊ गाळ असेल तर तो काही बोलत नाही. पितळ चुंबकाला चिकटत नाही, ते तेलात तरंगताना दिसते. “काका, हे सोनेरी चमकतंय ना, ही दुसऱ्याची रिंग. आत्ता चालेल, पण पुढच्या आंब्याला चालायची नाही,” असे त्याने सांगितल्यावर “मग मेस्त्री, बंदीत उघडूया,” एवढेच उत्तर उरते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात गाडी उभीच असते आणि गिअरबॉक्स उतरवण्यासाठी याहून सोयीचा काळ किनाऱ्यावर मिळत नाही.

मासळी वाहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. क्रेटमधला बर्फ वितळून खाऱ्या पाण्याची धार हौद्याच्या सांध्यांतून सरळ खाली येते आणि हँडब्रेकची केबल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि मागचे हाऊसिंग यांवर ठिबकत राहते. माझ्या गाडीत हाऊसिंगच्या श्वासनळीची टोपी गंजून बसली होती. तापलेले हाऊसिंग पावसात तुंबलेल्या गार पाण्यात शिरले की आतली हवा आकसते. श्वासनळी बंद किंवा फुटलेली असेल तर ऑइलसीलमधून नाहीतर फुटीतून पाणी आत ओढले जाते आणि तेल चहाच्या रंगाचे होते. क्राऊन-पिनियनची जोडी त्या तेलावर फार दिवस टिकत नाही. श्वासनळीला रबरी नळी जोडून ती हौद्याच्या खाली उंचावर बांधून घेणे हे कमी पैशांचे काम आहे, आणि कंपनीने ते कारखान्यातूनच करून द्यायला हवे होते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हंगाम संपल्यावर, जूनच्या आधी बाजारात येणाऱ्या पिकअपांकडे जरा संशयाने पाहावे. सपाट रस्त्यावरची चक्कर घेऊन काही कळत नाही. हौद्यात निदान अर्धा भार असावा आणि गाडी एखाद्या खऱ्या चढावर न्यावी. ताशी ३० च्या आसपास तिसऱ्यावरून दुसरा टाकावा, क्लच एकदाच दाबून आणि रेस न देता. कुरकुर आली तर दुसऱ्याची रिंग झिजली आहे. मग उतारावर तिसऱ्यात आणि पाठोपाठ दुसऱ्यात ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून लिव्हरवरचा हात काढून घ्यावा. लिव्हर उडून न्यूट्रलला आला, तर गिअरबॉक्स पूर्ण उघडण्याचा खर्च किमतीतून वजा केल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत.